‘शक्यता आहे’ म्हणजे किती?

राहाता तालुक्यात दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी जोरात असते. सोंगलेलं पीक वावरात पसरलेलं, मळणीयंत्राचा नंबर उद्या-परवा लागणार, आणि नेमकं तेव्हा मोबाइलवर एक वाक्य येतं: ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता आहे.’ निर्णय संध्याकाळच्या आत घ्यायचा असतो. मजूर लावून पीक गोळा करायचं, गंजी रचून वर ताडपत्री ओढायची, की आणखी एक ऊन लागू द्यायचं? वाक्यात ठिकाण आहे, पाऊस आहे, मेघगर्जनाही आहे. निर्णयाला लागते ती एकच गोष्ट नाही. शक्यता आहे, पण किती?

हे ‘किती’ मुळात ठरलेलं असतं, म्हणून त्याचं गळून जाणं जास्त खटकतं. भारतीय हवामानशास्त्र विभाग आपल्या इंग्रजी पत्रकांत चार शब्द ठरवून वापरतो आणि प्रत्येक शब्दाला टक्केवारी बांधून देतो. ‘अनलाइकली’ म्हणजे २५ टक्क्यांहून कमी शक्यता. ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. ही पत्रकं मराठी बातमीत उतरतात तेव्हा वरच्या तिन्ही पायऱ्या बहुतेकदा एकाच शब्दात मिसळून जातात. तीस टक्के असली तरी ‘शक्यता’, ऐंशी टक्के असली तरी ‘शक्यता’. शास्त्रज्ञांनी मेहनतीने काढलेला फरक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचत नाही.

एका वाक्यात तीन मापं

हवामानाच्या अंदाजात प्रत्यक्षात तीन वेगळी मापं एकत्र नांदतात. पहिलं माप शक्यतेचं, ते वर आलं.

दुसरं माप पसाऱ्याचं. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. इथे ‘विभाग’ म्हणजे काय, तेही पाहायला हवं. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. राहाता ज्यात येतो त्या ‘मध्य महाराष्ट्रा’त नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे दहा जिल्हे आहेत. महाबळेश्वरचा घाटमाथा आणि राहात्याचा पर्जन्यछायेतला सपाट पट्टा एकाच नावाखाली येतो.

तिसरं माप पावसाच्या जोराचं. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पडला तर हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार आणि त्यापलीकडे अत्यंत मुसळधार. ‘मुसळधार’ हा शब्द आपण गप्पांमध्ये सैल हाताने वापरतो. अंदाजात त्याला दशांशापर्यंत माप आहे.

आता सुरुवातीचं वाक्य उलगडून पाहू. मूळ पत्रकात ‘लाइकली’ असेल तर शक्यता जास्तीत जास्त ५० टक्के. ती खरी ठरली तरी पाऊस जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. म्हणजे दहा जिल्ह्यांमधल्या कोणत्याही एका सरासरी गावात तो पाऊस येण्याची शक्यता ढोबळमानाने साडेबारा टक्क्यांच्या आत राहते. शब्द ‘व्हेरी लाइकली’ असता तर ती एकोणिसाच्या आसपास गेली असती. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सगळी गावं सारखी नसतात. जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज आणि पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारे त्याहून नेमकं चित्र देतात. तरीही एवढं समजलं की वाक्य वाचण्याची रीत बदलते. ‘पाऊस सांगितला होता, आलाच नाही’ ही तक्रार पुष्कळदा अंदाजावर अन्याय करणारी असते. दहा जिल्ह्यांत विखरून पाऊस सांगितला होता, तो पुण्यात किंवा साताऱ्यात पडला आणि राहाता कोरडा राहिला, तर अंदाज चुकला असं होत नाही.

एक शब्द, तीन किमती

अंदाजाचे मूळ शब्द ज्या इंग्रजीत असतात, तिथे शक्यता सांगणारे शब्द पुष्कळ आहेत आणि ते एका रांगेत उभे करण्यासारखे आहेत. ‘पॉसिबल’ म्हणजे घडू शकेल असं. त्याने फक्त दार उघडं आहे एवढं कळतं, त्या दारातून कुणी येईल की नाही हे कळत नाही. ‘प्रॉबेबल’ आणि त्याचा रोजच्या बोलण्यातला भाऊबंद ‘लाइकली’ म्हणजे न घडण्यापेक्षा घडण्याकडे झुकतं माप. ‘परहॅप्स’ आणि ‘मेबी’ ही शंकेची क्रियाविशेषणं, आपल्या ‘कदाचित’च्या जवळची. ‘प्लॉजिबल’ म्हणजे ऐकायला पटण्यासारखं. पटण्यासारखी गोष्ट घडण्यासारखी असतेच असं नाही, म्हणून हा शब्द ‘प्रॉबेबल’च्या जागी वापरणं चुकीचं ठरतं. ‘मे’ आणि ‘माइट’ या सहायक क्रियापदांत ‘माइट’ थोडं दुबळं. ‘ऑड्स’ हा पैजेच्या बाजारातून आलेला शब्द, तो घडण्याचं न घडण्याशी गुणोत्तर सांगतो. ‘चान्स’ आणि ‘रिस्क’ यांचं गणित एकच असलं तरी भाव वेगळा आहे. चांगल्या किंवा तटस्थ गोष्टीचा ‘चान्स’ असतो, वाईट गोष्टीची ‘रिस्क’. मराठीतही आपण पावसाची शक्यता म्हणतो, गारपिटीचा धोका म्हणतो आणि वाईट बातमीची भीती.

‘प्रॉबेबल’चा प्रवास तर एका मोठ्या वैचारिक बदलाची खूण आहे. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ ‘मान्यता देण्याजोगं’ असा होता. एखादं मत विद्वानांनी उचलून धरलं असेल तर ते ‘प्रॉबेबल’. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी जुगारातल्या एका प्रश्नावर पत्रव्यवहार केला आणि अनिश्चिततेचं मोजमाप सुरू झालं. त्यानंतर हा शब्द हळूहळू माणसांच्या मान्यतेकडून घटनांच्या वारंवारतेकडे सरकला. कोण म्हणतो याऐवजी किती वेळा घडतं याला महत्त्व आलं.

तरी शब्द आणि आकडा यांचं नातं सगळीकडे सारखं बसलेलं नाही. रोजच्या इंग्रजीत ‘लाइकली’ म्हणजे निम्म्याहून जास्त. आपल्या हवामान खात्याच्या कोष्टकात तोच शब्द निम्म्याच्या खाली, २५ ते ५० टक्क्यांवर बसतो. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत त्याचा अर्थ किमान ६६ टक्के असा आहे. तिथे ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० आणि ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ म्हणजे किमान ९५.

या पायऱ्यांमुळे आयपीसीसीचे अहवाल एकापुढे एक ठेवून वाचले की विज्ञानाची खात्री कशी वाढत गेली ते दिसतं. तापमानवाढीला मुख्यतः माणूस जबाबदार आहे याबद्दल २००१ च्या अहवालात ‘लाइकली’ होतं. २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’ आलं, २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’. २०२१ च्या अहवालाने शक्यतेची भाषाच सोडली आणि माणसाने पृथ्वी तापवली हे निःसंदिग्ध आहे असं लिहिलं. वीस वर्षांची संशोधनाची वाटचाल चार शब्दांत मावली आहे. मराठीत चारही ठिकाणी ‘शक्यता’ लिहिलं तर ही वाटचाल वाचकाला दिसणारच नाही. इतकी आखीव व्यवस्था असूनही सामान्य वाचक हे शब्द कसे समजतात याचा अभ्यास डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की लोक ‘व्हेरी लाइकली’चा अर्थ ९० टक्क्यांहून बराच कमी घेतात. शब्दाशेजारीच आकडा छापला तर समज सुधारते.

शब्दांनी घडवलेली फसगत

या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहणारा एक माणूस अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात होता, शर्मन केंट. १९५१ मध्ये त्याच्या विभागाने एक अहवाल लिहिला. सोव्हिएत गटाकडून त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे असं त्यात म्हटलं होतं. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने केंटला विचारलं, म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाला, ६५ विरुद्ध ३५, हल्ला होण्याच्या बाजूने. अधिकारी चकित झाला, त्याने फारच कमी शक्यता गृहीत धरली होती. मग केंटने अहवालावर सही करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना तोच प्रश्न विचारला. उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एकाच वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा होता. १९६४ मध्ये केंटने यावर एक निबंध लिहून शब्दांची शिडी सुचवली: ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास, ‘प्रॉबेबल’ ७५ च्या आसपास, समसमान ५०, ‘प्रॉबेबली नॉट’ ३० आणि ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’ सातच्या आसपास.

याच काळात अमेरिकेने क्यूबावर, ‘बे ऑफ पिग्ज’ इथे, निर्वासितांची तुकडी उतरवण्याची योजना आखली. लष्करी तज्ज्ञांनी यशाची ‘फेअर चान्स’ असल्याचं लिहून दिलं. लिहिणाऱ्यांच्या मनात यशाची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास होती. राष्ट्राध्यक्ष केनेडींपर्यंत पोचलेल्या कागदावर आकडा नव्हता आणि ‘फेअर’ हा शब्द वाचणाऱ्याला आशादायक वाटला. एप्रिल १९६१ मधली ती मोहीम तीन दिवसांत कोसळली.

औषधांबाबतही असंच होतं. युरोपात औषधाच्या दुष्परिणामांसाठी ठरावीक शब्द आहेत. तिथल्या माहितीपत्रकात ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा माणसांना होणारा त्रास आणि ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना. ‘कॉमन’ वाचून रुग्णाला वाटतं की हा त्रास मला होणारच. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात काय किंवा गावातल्या दवाखान्यात काय, डॉक्टरांनी ‘या गोळीने चक्कर येण्याची शक्यता असते’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे: शंभरातल्या किती जणांना?

न्यायालयांनाही शक्यतेचं माप लागतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातल्या व्याख्येनुसार, समंजस माणूस जिच्या भरवशावर पाऊल उचलेल इतकी एखादी गोष्ट संभाव्य असेल तर ती ‘सिद्ध’ मानली जाते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही कल्पना कायम आहे. दिवाणी दाव्यात शक्यतांचं पारडं कोणत्या बाजूला झुकतं हे पाहतात, फौजदारी खटल्यात वाजवी संशयाला जागा न उरण्याइतकी खात्री लागते. एकाच न्यायालयात बांधाच्या वादाला एक उंबरठा आणि खुनाच्या खटल्याला दुसरा, कारण चुकीच्या निकालाची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. हेच सूत्र शेतालाही लागू पडतं.

मराठीची स्वतःची शिडी

मराठीत असे बारकावे सांगणारे शब्द नाहीत, असं म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. शब्द भरपूर आहेत. ‘कदाचित’, ‘क्वचित’, ‘बहुधा’, ‘बहुतेक’, ‘बहुतकरून’, ‘हमखास’, ‘नक्की’, ‘खात्रीने’ ही तर तयार रांग आहे. त्याहून सूक्ष्म काम मराठी क्रियापद करतं. आभाळाकडे पाहून राहात्याचा शेतकरी म्हणतो, ‘पडला तर पडेल’, म्हणजे भरवसा कमी. ‘पडेलही’ म्हणजे नाकारता येत नाही. ‘पडू शकतो’ म्हणजे शक्य कोटीतलं. ‘पडावा’ म्हणजे चिन्हं तरी तशी आहेत. ‘पडेल’ म्हणजे अंदाज बऱ्यापैकी पक्का आणि ‘पडणारच’ म्हणजे शंका संपली. ‘तिकडे पुणतांब्याकडे पडत असावा’ या वाक्यात गार वारा आणि विजेच्या चमकेवरून काढलेलं अनुमान सामावलेलं आहे. इंग्रजीला जे काम सहायक क्रियापदांची फौज उभी करून करावं लागतं, ते मराठी बरंचसं प्रत्ययांवर निभावते.

मग अडतं कुठे? हे शब्द आणि रूपं बोलण्यात जिवंत आहेत, पण जाहीर लेखनात कुणी त्यांना आकड्याशी बांधलेलं नाही. ‘बहुधा’ आणि ‘बहुतेक’ यांत जास्त खात्री कशात, यावर दोन मराठी माणसांचं एकमत होणं कठीण. वर्तमानपत्रात ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य तर कोणत्याही घटनेला लावता येतं. आजवर घडलेली आणि न घडलेली प्रत्येक गोष्ट नाकारता न येणारीच होती. असं वाक्य कधी चुकत नाही, कारण ते काहीच सांगत नाही.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की चांगल्या पावसाची आशा धरतात. त्या परंपरेला समाजात आपुलकीचं स्थान आहे. मात्र वाहन म्हैस असलं तर राहात्यात किती मिलिमीटर आणि किती शक्यता, हे ती सांगत नाही. त्यामुळे ती खरी ठरली की चुकली हे तपासण्याचा मार्गच उरत नाही. अंदाज विज्ञानाचा होतो तो तपासता येण्याजोगा झाल्यावर.

किती शक्यता पुरे?

शेतकऱ्याला आकडा का हवा, हे एका साध्या हिशेबाने समजतं. समजा सोयाबीन गोळा करून झाकायला एकरी १,५०० रुपये खर्च येतो आणि उघड्यावर भिजलं तर ६,००० रुपयांचं नुकसान होतं. खर्चाला नुकसानीने भागलं की उत्तर येतं पाव, म्हणजे २५ टक्के. हा त्या निर्णयाचा उंबरठा. पावसाची शक्यता त्याच्या वर असेल तर झाकावं, खाली असेल तर ऊन लागू द्यावं.

पडताळून पाहू. शक्यता ३० टक्के असलेले शंभर प्रसंग घ्या. दरवेळी झाकलं तर खर्च दीड लाख. कधीच झाकलं नाही तर तीस वेळा भिजून नुकसान एक लाख ऐंशी हजार. झाकणं परवडतं, जरी सत्तर वेळा ताडपत्री वाया गेल्यासारखी वाटली तरी. शक्यता २० टक्के असेल तर न झाकता होणारं नुकसान एक लाख वीस हजार, झाकण्याचा खर्च तोच दीड लाख. इथे न झाकणं शहाणपणाचं. तीस आणि वीस या दोन्ही आकड्यांना बोलताना आपण ‘शक्यता’ म्हणतो, आणि योग्य निर्णय मात्र एकमेकांच्या उलट आहेत.

उंबरठा पिकागणिक आणि कामागणिक बदलतो. द्राक्षाची बाग फुलोऱ्यात असताना पावसाने डाऊनी हा बुरशीचा रोग आला तर घडच्या घड जातात. फवारणीचा खर्च त्यापुढे किरकोळ, म्हणून तिथे दहा टक्के शक्यता, म्हणजे ‘अनलाइकली’सुद्धा, हालचाल करायला पुरेशी. पेरूच्या बागेला द्यायचं पाणी पावसाच्या भरवशावर पुढे ढकलायचं असेल तर उलट. कालव्याचं आवर्तन हातचं घालवलं आणि पाऊस हुकला, तर मृग बहाराची फळं पोसणार नाहीत. तिथे ‘मोस्ट लाइकली’शिवाय विसंबू नये. पेरणीला सगळ्यांत उंच उंबरठा. बियाणं, खत आणि मजुरी एकदा मातीत गेली की दुबार पेरणीचा मार वर्षभर सोसावा लागतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस प्रत्यक्ष झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो. तो सल्ला शक्यतेवर न थांबता पडलेल्या पावसाची मागणी करतो, आणि ते बरोबरच आहे.

हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी, लाल हे इशारेही याच विचारावर उभे आहेत. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा परिणाम दोन्ही धरले जातात. त्यामुळे कमी शक्यतेच्या पण मोठ्या तडाख्याच्या घटनेलाही इशारा मिळू शकतो, आणि तो फुकट गेला म्हणून पुढच्या वेळी दुर्लक्ष करणं घातक ठरतं.

आकडाही समजून घ्यावा लागतो

नुसता आकडा आला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ काय, हे मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क आणि युरोपातल्या चार शहरांत विचारलं. २००५ च्या त्या अभ्यासात अनेकांनी ‘उद्या तीस टक्के वेळ पाऊस’ किंवा ‘तीस टक्के भागात पाऊस’ असं सांगितलं. खरा अर्थ असा की उद्यासारखी स्थिती असलेले शंभर दिवस घेतले तर त्यांतल्या तीस दिवशी पाऊस पडतो. अमेरिकेत टक्केवारीचे अंदाज १९६० च्या दशकापासून रोज दिले जातात. पाचांपैकी एकट्या न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्यांनी बरोबर अर्थ सांगितला. आकड्याची भाषा कानावर पडत राहिली की ती समजायला लागते.

एकच ठाम आकडा देणं आणि त्याची खात्री न सांगणं हेही धोक्याचं. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये मोसमी पावसाचं सोळा घटकांचं प्रारूप आलं. समुद्राचं तापमान, हिमाच्छादन, वारे, हवेचा दाब अशा घटकांवरून पूर्ण हंगामाचा पाऊस सांगणारं हे प्रारूप देशभर गाजलं आणि अनेक वर्षं त्याने चांगली साथ दिली. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता, प्रत्यक्षात ८१ टक्के पडला आणि देशाने दुष्काळ पाहिला. पुढच्याच वर्षी नवी प्रारूपं आणली गेली. आता हंगामाचा अंदाज देताना एका आकड्याबरोबर तुटीचा, सरासरीखालचा, सरासरीइतका, सरासरीहून अधिक आणि अतिरिक्त अशा पाच गटांची वेगवेगळी शक्यताही जाहीर होते. बातमीच्या मथळ्यात मात्र अजूनही एकच आकडा येतो, आणि पाच गटांचं ते कोष्टक वाचण्याजोगं असूनही वाचलं जात नाही.

शक्यतेचे अंदाज तपासताही येतात. ज्या ज्या दिवशी ३० टक्के सांगितलं ते सगळे दिवस गोळा करायचे आणि खरंच तीस टक्के दिवशी पाऊस झाला का ते पाहायचं. १९५० मध्ये ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने अशा तपासणीसाठी गुण देण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरतात. आकड्याशी न बांधलेल्या शब्दांनी सांगितलेल्या अंदाजाला असे गुण देता येत नाहीत.

राहात्याला हे का परवडेल

शेतकऱ्याला टक्के कळत नाहीत, त्याला सोपंच सांगावं, असं एक मत ऐकू येतं. राहाता तालुका पाहिला की ते पटत नाही. इथल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धेतर घन पदार्थ) यांचा हिशेब होतो आणि दशांशाचा फरक पडला तर गवळी तिथल्या तिथे विचारतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची परंपरा १९५० पासूनची. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्यावर बांधलेली आहे, हे ऊस उत्पादकाला सांगावं लागत नाही. ठिबकच्या लिटरांपासून फवारणीच्या मिलिलिटरपर्यंत पेरूवाला आणि द्राक्षवाला रोज मापात जगतो. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप उत्पादन खर्च आणि भाव यांच्या आकड्यांवरही उभा होता. ज्याला इतके आकडे रोज लागतात, त्याच्यापासून पावसाच्या शक्यतेचा आकडा लपवण्याचं काही कारण नाही.

यंत्रणाही हाताशी आहे. बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ल्याची पत्रकं निघतात, २०१९ पासून ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा अंदाज मिळतो. करायचं ते थोडंच आहे. बातमीदाराने, कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याने आणि गावच्या व्हॉट्सॲप गटावर अंदाज पुढे पाठवणाऱ्याने शब्दांना एकच ठरलेली शिडी द्यावी आणि शेजारी आकडा लिहावा. ती अशी असू शकते:

शक्यता कमी: २५ टक्क्यांहून कमी.
शक्यता आहे: २५ ते ५० टक्के.
दाट शक्यता: ५० ते ७५ टक्के.
जवळजवळ नक्की: ७५ टक्क्यांहून अधिक.

हे शब्द मराठी माणसाच्या ओठांवरचेच आहेत, त्यांना फक्त माप दिलं आहे. वाचणाऱ्यानेही तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी: शक्यता किती, कुठल्या भागासाठी, आणि पाऊस किती मिलिमीटर? या तिन्हींची उत्तरं नसलेला अंदाज अपुरा समजावा आणि ती मागून घ्यावीत. पाऊस पडेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे नेमकं सांगणं मात्र शक्य आहे, आणि ज्याचं पीक उघड्यावर आहे त्याला ते मिळायलाच हवं.